निवृत्त रणगाड्याची कुंडली
(अंतिम वर्ष, मेकॅनिकल)

भंगाराच्या दुकानात कुठल्याही वस्तूबद्दल दोनच प्रश्न विचारले जातात. धातू कोणता आणि वजन किती? ती वस्तू कोणी बनवली, कुठे वापरली, तिच्यात बसून कोण कुठे गेलं, याला काट्यावर किंमत नाही. सायकल असो की रणगाडा, हिशोब तोच.

गेल्या सत्रात मला सेमिनारसाठी 'ट्रॅक्ड व्हेइकल्स' हा विषय मिळाला. सस्पेन्शन, स्प्रॉकेट, ग्राउंड प्रेशर एवढं बोललं की वीस मिनिटं भरतील असा साधा बेत होता. पण वाचता वाचता एक वेगळाच प्रश्न मागे लागला. सैन्याने एकदा 'आता ही गाडी नको' म्हटलं, की पुढे तिचं काय होतं? बहुतेक गाड्या भट्टीत जातात हे उघड आहे. मग ज्या थोड्या वाचतात, त्या कशामुळे वाचतात? उत्तर शोधताना दोन गोष्टी पुन्हा पुन्हा समोर आल्या. एक म्हणजे नोंद आणि दुसरी म्हणजे काम. ज्या गाडीची ओळख पटते तिला कोणीतरी घर देतं, आणि ज्या गाडीला काम असतं तिला कोणी हात लावत नाही. हा लेख त्याबद्दल आहे. सेमिनारमध्ये हे सगळं बसलं नाही, म्हणून इथे.

आधी थोडं तंत्र

ट्रॅकवर चालणारी गाडी आपण सगळ्यांनी पाहिली आहे. रस्त्याच्या कामावरचं पोकलेन आठवा. चाकं जमिनीवर न फिरता एका न संपणाऱ्या पट्ट्यावर फिरतात. इंजिनची ताकद दातेरी चाकाला, म्हणजे स्प्रॉकेटला मिळते, स्प्रॉकेट पट्टा ओढतं आणि गाडी स्वतःचाच रस्ता स्वतःपुढे अंथरत जाते. फायदा एकच, पण मोठा : वजन जास्त क्षेत्रफळावर पसरतं.

फर्स्ट इयरचं सूत्र आहे, दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. एक उदाहरण घेऊ. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने 'वीझल' नावाची एक छोटी ट्रॅकची गाडी बनवली, तिचं अधिकृत नाव एम २९. भरलेल्या गाडीचं वजन सोयीसाठी २४०० किलो धरा. एकेक पट्टा सुमारे ५० सेंटिमीटर रुंद आणि त्याचा जमिनीला टेकलेला भाग सुमारे २ मीटर लांब. दोन पट्टे मिळून क्षेत्रफळ झालं २०,००० चौरस सेंटिमीटर. म्हणजे दाब आला दर चौरस सेंटिमीटरला साधारण ०.१२ किलो. आता ६० किलोचा विद्यार्थी घ्या. दोन बुटांचे तळ मिळून ४०० चौरस सेंटिमीटर धरले तर उभा असताना दाब ०.१५, आणि चालताना एका पायावर वजन आलं की ०.३०. थोडक्यात, जिथे माणूस गुडघ्यापर्यंत रुततो तिथून ही दोन टनांवरची गाडी आरामात जाते. तुलनेसाठी, ३६ टनांच्या टी-५५ रणगाड्याचा दाब सुमारे ०.८१ आहे. हे आकडे लक्षात ठेवा, घर शोधताना पुन्हा लागणार आहेत.

अडीचशे रणगाडे, उरला एक

पहिलं महायुद्ध १९१८ मध्ये संपलं तेव्हा ब्रिटनकडे रणगाड्यांचा ढीग पडला होता. युद्धकाळात लोकांनी बचतपत्रं घेऊन सरकारला पैसा उभा करून दिला होता. त्याची आठवण म्हणून सरकारने गावोगावी एकेक जुना रणगाडा भेट दिला. असे अडीचशेहून जास्त रणगाडे वाटले गेले. गावाच्या चौकात किंवा बागेत चौथरा बांधून त्यावर रणगाडा ठेवायचा. सुरुवातीला वाजतगाजत मिरवणुका निघाल्या, भाषणं झाली.

पुढे काय झालं असेल याचा अंदाज आपल्याला सहज येईल. पाऊस, गंज, आत साठलेला कचरा, आणि युद्धाची आठवणच नको असं म्हणणारी माणसं. विसाव्या-तिसाव्या दशकांत बरेच रणगाडे भंगारात गेले. दुसरं महायुद्ध सुरू झाल्यावर पोलादाची गरज लागली आणि उरलेले त्यात गेले. आपल्या मूळ जागी टिकलेला एकच, इंग्लंडच्या केंट परगण्यातल्या अ‍ॅशफर्ड गावचा. तो मार्क ४ जातीचा आहे आणि १ ऑगस्ट १९१९ ला गावात आला.

तो का वाचला? गावकऱ्यांचं त्याच्यावर जास्त प्रेम होतं असं काही नाही. १९२९ मध्ये त्याचं इंजिन आणि आतलं सामान काढून टाकलं आणि रिकाम्या पोटात विजेचं सबस्टेशन बसवलं! इलेक्ट्रिकलच्या मित्रांनी ही गोष्ट जरूर लक्षात ठेवावी. रणगाड्याच्या आत ट्रान्सफॉर्मर, आणि ही व्यवस्था १९६८ पर्यंत चालू होती. गावाला वीज देणारी वस्तू भंगारात कोण काढणार? इतर रणगाडे नुसते चौकात उभे होते, हा कामावर होता. आज त्याच्यावर छप्पर आहे आणि त्याला युद्धस्मारकाचा दर्जा आहे.

अर्थात या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. इंजिन आणि गिअरबॉक्स गेले ते गेलेच. शरीर वाचलं, आतली यंत्रणा गेली. काम देताना यंत्राचं मूळ रूप किती मोडायचं हा प्रश्न इथूनच सुरू होतो.

वीझल : बर्फासाठी जन्मली, बर्फातच पोचली

आता मघाची वीझल. तिची कल्पना जेफ्री पाइक या एका विलक्षण डोक्याच्या इंग्रजाची. जर्मनांनी व्यापलेल्या नॉर्वेत बर्फावरून वेगाने हालणाऱ्या छोट्या तुकड्या उतरवायच्या आणि शत्रूला जेरीस आणायचं, अशी त्याची योजना. १९४२ मध्ये ती त्याने लॉर्ड माउंटबॅटन यांच्यापुढे मांडली. होय, तेच माउंटबॅटन, जे पुढे भारताचे शेवटचे व्हाइसरॉय झाले. चर्चिलनी मान्यता दिली, गाडी बनवायचं काम अमेरिकेकडे गेलं आणि स्टुडबेकर कंपनीने ते केलं. इंजिन त्यांच्याच चॅम्पियन मोटारीचं, सहा सिलिंडर, २.८ लिटर, साधारण ७० अश्वशक्तीचं. म्हणजे लष्करासाठी नवं इंजिन न बनवता बाजारात चालणारंच उचललं.

गंमत म्हणजे नॉर्वेची मोहीम रद्द झाली. पण गाड्या तयार झाल्या होत्या, एकूण सुमारे १५,००० बनल्या. बर्फ नाही तर चिखल, चिखल नाही तर वाळू! इटलीत, हॉलंडच्या पाणथळ भागात, पॅसिफिकमधल्या इवो जिमा बेटाच्या ज्वालामुखी वाळूत जिथे जिथे जीप रुतली तिथे तिथे वीझलने दारूगोळा पोचवला आणि जखमींना परत आणलं.

युद्ध संपलं आणि हजारो वीझल एका रात्रीत सरप्लस झाल्या. ज्या स्वस्तात विकल्या गेल्या, त्यांतल्या काहींना मग मूळ हेतूला साजेसं काम मिळालं. पॉल-एमिल व्हिक्टर यांच्या फ्रेंच मोहिमेने १९४८ पासून ग्रीनलंडमध्ये वीझल नेल्या. त्यांवर उपकरणं लादून बर्फात छोटे स्फोट करायचे, ध्वनिलहरी खालच्या खडकावर आपटून परत यायला किती वेळ लागतो ते मोजायचं आणि बर्फाची जाडी काढायची. मध्यभागी बर्फ सुमारे तीन किलोमीटर जाड आहे आणि त्याखालची जमीन वाडग्यासारखी खोलगट आहे, हे अशा मोजणीतून कळलं.

नॉर्वे, ब्रिटन आणि स्वीडन यांच्या १९४९ ते १९५२ च्या संयुक्त अंटार्क्टिक मोहिमेतही वीझल होत्या. तिथे १९५१ च्या फेब्रुवारीत धुक्यात बर्फाची कड न दिसल्याने एक वीझल समुद्रात कोसळली आणि चौघांपैकी तिघे बुडाले. यंत्राने दाब कितीही कमी केला तरी पुढे काय आहे ते बघायचं काम माणसाचंच.

एव्हरेस्टवीर एडमंड हिलरी १९५७ मध्ये दक्षिण ध्रुवाकडे निघाले तेव्हा त्यांच्याबरोबर तीन फर्ग्युसन ट्रॅक्टर आणि एक वीझल होती. वीझल वाटेत सोडावी लागली, आणि ४ जानेवारी १९५८ ला ध्रुवावर पोचले ते शेतीचे ट्रॅक्टर! व्हिव्हियन फुक्स यांच्या तुकडीने त्याच मोसमात अख्खं अंटार्क्टिका ओलांडलं. तिच्या ताफ्यातल्या वीझलही वाटेत राहिल्या आणि २ मार्च १९५८ ला शेवटच्या तळावर पोचल्या त्या नव्या स्नो-कॅट गाड्या. म्हणजे जुन्या लष्करी गाडीने नव्या गाड्या येईपर्यंतचा काळ भरून काढला. बाकीच्या वीझल बर्फावरच्या खेळांच्या ठिकाणी आणि दुर्गम भागातल्या विजेच्या व टेलिफोनच्या लाइनींच्या दुरुस्तीवर राबत राहिल्या.

कुंडली कशी मांडायची?

आता समजा, आपल्यासमोर अशी एक गंजलेली, बेवारस गाडी उभी आहे. तिचा इतिहास शोधायचा कसा? जगभरात ही कामं करणारी माणसं साधारण पाच पायऱ्यांनी जातात. प्रत्येक पायरीवर एक धोकाही आहे, तोही सांगतो.

*पहिली पायरी, प्लेट आणि पंच.* अमेरिकन लष्करी गाड्यांत सहसा ड्रायव्हरसमोर धातूची पट्टी असते. तिच्यावर गाडीचं नाव, सिरियल नंबर, डिलिव्हरीची तारीख वगैरे असतं. धोका असा की पट्टी चार स्क्रूंवर बसते, म्हणजे ती दुसऱ्या गाडीची असू शकते. नव्या नकली पट्ट्याही विकत मिळतात. म्हणून बॉडीवर नंबर पंचाने ठोकलेला आकडा शोधून तो पट्टीशी जुळवायचा. आणि इंजिन नंबरवर तर मुळीच विसंबायचं नाही. सैन्याच्या बेस वर्कशॉपमध्ये गाडी ओव्हरहॉलला येते तेव्हा इंजिन एकीकडे, गिअरबॉक्स दुसरीकडे जातो आणि परत जाताना जे तयार असेल ते बसतं. खडकीच्या ५१२ बेस वर्कशॉपचं नाव पुण्याकडच्या मुलांनी ऐकलंच असेल, तिथे काम केलेला कोणीही हे सांगेल. वीस वर्षं नोकरी केलेल्या गाडीत तिचं जन्माचं इंजिन असणं हाच अपवाद.

*दुसरी पायरी, अंगकाठी.* रचनेतल्या बारीक फरकांवरून गाडीचं साल आणि मॉडेल ठरतं. वीझलचंच बघा. पहिलं मॉडेल एम २८, त्यात इंजिन मागे आणि ओढणारं स्प्रॉकेट पुढे. नंतरच्या एम २९ मध्ये इंजिन पुढे आलं आणि स्प्रॉकेट मागे गेलं. सुरुवातीचा पट्टा १५ इंच रुंद होता, नंतर २० इंच झाला. पुढेमागे हवाबंद टाक्या आणि मागे सुकाणू असेल तर ती पाण्यात तरंगणारी एम २९ सी. म्हणजे प्लेट हरवली तरी मोजपट्टी घेऊन बसलं की निम्मी माहिती हाती येते. मशीन ड्रॉइंगच्या सरांना हे ऐकून बरं वाटेल.

*तिसरी पायरी, रंग.* सैन्य गाडी रंगवताना जुना रंग खरवडत बसत नाही, त्यावरच नवा मारतं. त्यामुळे रंगाचे थर खडकांच्या थरांसारखे एकावर एक बसतात. बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून हळूहळू घासत गेलं की एकेक काळ वर येतो. वरचा पिवळा ठेकेदाराचा, त्याखालचा हिरवा सैन्याचा, आणि त्या हिरव्यात कुठेतरी पांढऱ्या अक्षरांत जुना नंबर. घाई करून वायर ब्रश किंवा ग्राइंडर लावला तर पाच मिनिटांत गाडी चकाचक होते आणि पुरावा जमिनीवर भुकटी होऊन पडतो. नंबर वाचायलाही शिकावं लागतं. महायुद्धातल्या ब्रिटिश रणगाड्यांचा नंबर 'टी' ने सुरू होतो, अमेरिकन रणगाड्यांचा ३० ने. आपल्या लष्करी गाड्यांच्या नंबरात वर टोक केलेला बाण असतो आणि त्यानंतरचे दोन आकडे गाडी सैन्यात आल्याचं साल सांगतात. पुढच्या वेळी हायवेवर कॉन्व्हॉय दिसला तर बघा.

*चौथी पायरी, कागद.* सैन्य म्हणजे कागद. ब्रिटिश सैन्यात महायुद्धानंतर गाडीगणिक रेकॉर्ड कार्ड ठेवलं जाई : कधी आली, कोणत्या युनिटला गेली, कधी निकाली निघाली. ट्रॅकच्या व चिलखती गाड्यांची, म्हणजे 'ए' व्हेइकल्सची अशी कार्डं बोव्हिंग्टनच्या टँक म्युझियमच्या संग्रहात आहेत. तिसऱ्या पायरीवर मिळालेला नंबर चौथ्या पायरीची किल्ली असतो. नंबर नसेल तर कागदांचा डोंगर असूनही उपयोग नाही.

*पाचवी पायरी, माणसं.* गाडी चालवणारा, दुरुस्त करणारा, तिच्यापासून पळालेला, कोणीही. हा पुरावा सगळ्यात आधी नाहीसा होतो. कागद कपाटात थांबतो, माणूस थांबत नाही.

या पाच पायऱ्यांतून मिळालेल्या माहितीला तीन खण करावेत : 'नक्की', 'बहुधा' आणि 'ऐकीव'. ऐकीव गोष्ट टाकून द्यायची नाही, पण ती नक्कीच्या खणात ढकलायचीही नाही. याचं कारण पुढची गोष्ट.

म्युझियमलाही पत्ता बदलावा लागला

बोव्हिंग्टनमध्ये जर्मनांचा 'टायगर १३१' हा जगातला सर्वांत प्रसिद्ध रणगाडा असेल. १९४३ च्या एप्रिलमध्ये ट्युनिशियात ब्रिटिशांनी तो पकडला, इंग्लंडला नेला, खोलून तपासला आणि १९५१ मध्ये तो म्युझियमकडे आला. १९९० मध्ये त्याची दुरुस्ती सुरू झाली आणि बारा-तेरा वर्षांच्या कामानंतर तो पुन्हा स्वतःच्या पायांवर, म्हणजे पट्ट्यांवर चालू लागला. इतका अभ्यासलेला, इतका छापून आलेला रणगाडा. तो २१ एप्रिलला जेबेल जाफा या टेकडीजवळ पकडला असं कित्येक दशकं पुस्तकांत लिहिलं जात होतं.

मग त्या लढाईत असलेल्या एका ब्रिटिश सैनिकाच्या मुलाने वडिलांकडून ऐकलेली हकीकत म्युझियमच्या हकिकतीशी ताडून पाहिली. दोन्ही जुळेनात. त्याने जुने फोटो, रणगाड्यावरच्या माराच्या खुणा आणि जमिनीचा उंचसखलपणा एकमेकांशी जुळवला. निष्कर्ष निघाला की हा टायगर २४ एप्रिलला, 'पॉइंट १७४' या वेगळ्याच टेकडीवर हाती लागला होता. म्युझियमने ते मान्य केलं आणि इतिहास दुरुस्त केला. एका घरातली ऐकीव गोष्ट पुराव्याच्या बळावर नक्कीच्या खणात गेली आणि छापील गोष्ट खाली उतरली.

फरक तीन दिवसांचा आणि एका टेकडीचा, मग त्यात एवढं काय, असं कोणी म्हणेल. पण त्या टेकडीवर माणसं मेली होती. त्यांच्या पराक्रमाची नोंद दुसऱ्याच जागेच्या नावावर गेली होती. सबमिशनच्या वेळी आपलं जर्नल दुसऱ्याच्या रोल नंबरवर जमा झालं तर आपल्याला कसं वाटतं? इथे तर प्रश्न जिवाचा होता.

घर द्यायचं म्हणजे काय करायचं

ओळख पटली, आता घर. इथे भावनेपेक्षा सिव्हिल आणि मेकॅनिकलचं काम जास्त आहे.

सर्वांत आधी सुरक्षितता. तोफ कायमची निकामी केली आहे ना, आत दारूगोळा उरला नाही ना, हे फक्त अधिकृत तज्ज्ञानेच तपासायचं. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये आणि इन्सुलेशनमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. महायुद्धाच्या काळातल्या ज्या डायल अंधारात चमकाव्यात म्हणून रंगवल्या जात, त्या रंगात रेडियम असे. चमक कधीच गेली असली तरी किरणोत्सर्ग जात नाही. कुतूहल म्हणून अशी डायल उघडायची नाही.

दुसरं वाहतूक आणि जमीन. टी-५५ चे ३६ टन म्हणजे पन्नासहून जास्त मारुती ८००. ती उचलायला लो-बेड ट्रेलर लागतो, वाटेतला पूल किती वजन पेलतो ते आधी बघावं लागतं, वळणं मोजावी लागतात. टायगरचंच उदाहरण घ्या. त्याचे लढाईचे पट्टे ७२५ मिलिमीटर रुंद होते. ते लावून रणगाडा रेल्वेच्या वाघिणीवर मापात बसत नसे, म्हणून प्रवासासाठी ५२० मिलिमीटरचे वेगळे अरुंद पट्टे होते. वाहतुकीचा विचार मूळ डिझाइनमध्येच होता! घरी पोचल्यावर चौथऱ्याचं काँक्रीट त्या ०.८१ किलो दाबाचं आणि त्याहून जास्त म्हणजे चढवतानाच्या धक्क्याचं असावं लागतं.

तिसरं पाणी. आपल्याकडच्या पावसात हाच खरा शत्रू. रणगाडा म्हणजे तळ असलेली पोलादी टाकी आहे. वरची झाकणं नीट बसली नाहीत की पाणी आत जातं आणि तळाला साठतं. बाहेरून दर वर्षी हिरवा रंग मारला तरी आतून गंज खातच राहतो. तळाचे निचऱ्याचे प्लग उघडे ठेवायचे, हवा खेळती ठेवायची, शक्य असेल तर छप्पर घालायचं. रबराला ऊन सोसत नाही, त्याच्यासाठीही छप्पर.

चौथं, आणि सर्वांत अवघड, जबाबदार माणूस. उद्घाटनाला शंभर जण येतात. तिसऱ्या वर्षी ग्रीस कोण घालणार, याचं उत्तर एका पदाच्या नावाने लिहून ठेवलेलं नसेल तर घर मिळालं असं म्हणता येत नाही.

या कसोट्यांवर बघायला आपल्या जवळचं ठिकाण म्हणजे अहिल्यानगरचं (पूर्वीचं अहमदनगर) कॅव्हलरी टँक म्युझियम. आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलने ते १९९४ मध्ये सुरू केलं. जुनी रोल्स-रॉइस चिलखती गाडी, १९६५ च्या युद्धात पाकिस्तानकडून हस्तगत केलेले पॅटन, आवडीच्या कारखान्यात बनलेला आपला विजयंता, असे पन्नासच्या आसपास नमुने तिथे एका जागी बघता येतात. इंडस्ट्रियल व्हिजिटला नगरला जाणाऱ्यांनी अर्धा दिवस राखून ठेवावा. सस्पेन्शनचे इतके प्रकार एका ठिकाणी कुठल्याही लॅबमध्ये नाहीत.

बोव्हिंग्टनचं म्युझियम कसं सुरू झालं तेही इथे सांगायला हवं. पहिल्या महायुद्धानंतर तिथे भंगाराची वाट बघत उभ्या असलेल्या रणगाड्यांपैकी काही जपून ठेवा, अशी सूचना १९२३ मध्ये भेटीला आलेल्या रुडयार्ड किपलिंगने केली असं सांगतात. हा लेखक जन्माने मुंबईकर, जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारातला.

आणि नगरच्याच आर्मर्ड कोअर सेंटरमध्ये एक सेंच्युरियन रणगाडा जपलेला आहे. नाव 'फामागुस्ता', नंबर जेएक्स २०२. १६ डिसेंबर १९७१ ला बसंतरच्या लढाईत पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल याच रणगाड्यात होते. रणगाडा पेटला तरी ते बाहेर पडले नाहीत. जन्म पुण्याचा, वय २१, मरणोत्तर परमवीर चक्र. युद्धानंतर तो रणगाडा दुरुस्त करून ठेवला गेला. आता विचार करा, भारतीय सैन्यात सेंच्युरियन कितीतरी होते. वजन सगळ्यांचं सारखं, पोलाद सारखं. या एकाला वेगळं करतं ते एक नाव आणि एक नंबर. ते पुसले गेले असते तर तोही काट्यावर बाकीच्यांसारखाच भरला असता.

आणि आपल्या वर्कशॉपमध्ये?

रणगाडा आपल्या कॉलेजला मिळेल न मिळेल. पण या अभ्यासानंतर मी आपल्या ऑटोमोबाइल लॅबकडे जरा वेगळ्या नजरेने बघू लागलो. कोपऱ्यात एक सहा सिलिंडरचं कट-सेक्शन इंजिन आहे. प्रत्येक बॅच त्याच्यासमोर उभी राहून व्हायवा देते. ते कुठून आलं ते कोणालाच सांगता येईना. लॅबच्या मामांच्या परवानगीने डेड स्टॉक रजिस्टर पाहिलं, तर त्यात फक्त 'इंजिन, जुने, नग १' एवढीच नोंद. ब्लॉकच्या बाजूला मात्र करड्या रंगाखाली पट्टीचा उंचवटा लागत होता. सरांना विचारून, मामा शेजारी उभे असताना, आम्ही तिघांनी ओल्या पॉलिश पेपरने तेवढाच भाग घासला. दोन थर गेल्यावर आकडे दिसू लागले. पहिले चार स्पष्ट आहेत, पाचवा अर्धवट. त्यावरून आता मेकर आणि साल शोधणं चालू आहे.

मामा या वर्षाअखेर निवृत्त होत आहेत. लॅबमधलं कोणतं मशीन कोणत्या सरांच्या काळात आलं आणि कोणतं दुसऱ्या कॉलेजमधून ट्रकने आणलं, हे त्यांना तोंडपाठ आहे. ते कुठेही लिहिलेलं नाही. शिवाय जुनं सामान राइट-ऑफ करण्याची यादी दर काही वर्षांनी निघतेच, आणि त्या यादीत 'नग १' एवढीच ओळख असलेल्या वस्तूचा नंबर पहिला लागतो.

म्हणून मेकॅनिकल असोसिएशनकडे एक साधी मागणी केली आहे. प्रत्येक जुन्या मशीनसाठी एक कार्ड : मेकर, सिरियल नंबर, कधी आलं, कुठून आलं, काय काय बदललं, कोणी सांगितलं, आणि प्रत्येक माहितीपुढे 'नक्की', 'बहुधा' किंवा 'ऐकीव' यांपैकी एक शब्द. दुसऱ्या वर्षाच्या मुलांनी चार-चारच्या गटाने काम वाटून घेतलं तर एका सत्रात सगळी लॅब होईल. त्यातली जी मशीनं चालू होण्यासारखी आहेत ती वर्षातून एकदा तरी चालवावीत, म्हणजे ती नुसती उभी राहणार नाहीत.

ज्यांना यात भाग घ्यायचा आहे त्यांनी शनिवारी दुपारी जेवणानंतर लॅबमध्ये यावं. येताना वही, मोजपट्टी आणि पॉलिश पेपर आणा. ग्राइंडर आणू नका.